टाका कुणाचा, दोष कुणाचा?

(सोलापुरात घरी बसून शिवण-भरतकाम करणाऱ्या महिलांच्या शिबिरातील भाषण)



आजचा विषय 'टेन्शन' आहे असं सांगितल्यावर तुम्ही हसलात. संसाराचं टेन्शन आपल्याला पुरेसं आहेच, पण मी बोलणार आहे ते मशीनच्या टेन्शनबद्दल. महिला संघटनेच्या शिबिरात हा विषय कशाला, असं काहीजणींना वाटेल. मी शिकले समाजकार्य, मिस्त्रीकाम नव्हे. पण गणवेशाच्या खिशांवर शाळांची बोधचिन्हं भरणाऱ्या तुमच्यासारख्या बायकांबरोबर काम करताना एक गोष्ट ध्यानात आली. मजुरीचं भांडण जितकं दरावर होतं, तितकंच 'खराब माला'वर होतं. पन्नास खिसे नेऊन दिले की ठेकेदार ते उलटून बघतो, आठ-दहा बाजूला काढतो आणि म्हणतो, "टाका नीट नाही." त्या खिशांची मजुरी तर जातेच, वर कापडाचे पैसेही कापले जातात. बाई गप्प बसते. कारण टाका का बिघडला, हे तिलाही सांगता येत नाही.

आपल्या विडी कामगार बहिणींना हे नवीन नाही. 'छाट' हा शब्द त्यांना पाठ आहे. पानं खराब दिली तरी छाट बाईच्याच माथी. या प्रश्नावर इतकी भांडणं होती, की १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात नाकारलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी यांवरच्या वादासाठी वेगळी तरतूद करावी लागली. भरतकामातली छाट मात्र कुठल्या हिशेबात धरायची, हे ठेकेदारच ठरवतो. तेव्हा टाका बिघडतो कसा, हे आपणच आधी समजून घेऊ.

टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा रिळाचा, खालचा बॉबिनचा. दोघांनी कापडाच्या पोटात एकमेकांत अडकायचं. साध्या शिवणीत दोन्हींची ओढ सारखी हवी. भरतकामात वरचा दोरा थोडा सैल ठेवतात, म्हणजे तो काठावरून किंचित खाली वळतो आणि वरून खालचा पांढरा दोरा दिसत नाही. वरच्या दोऱ्याची ओढ दोन चकत्या ठरवतात, खालच्याची बॉबिन केसवरची पातळ पट्टी आणि तिचा बारीक स्क्रू.

आता उलट्या बाजूला दोऱ्याचे फासे लोंबतात, गुंता होतो, तेव्हा आपण काय करतो? बॉबिन काढतो, तिलाच दोष देतो. पण फासे खाली दिसले तरी कारण बहुतेक वेळा वर असतं. वरचा दोरा चकत्यांत बसलेलाच नसतो. फूटची दांडी वर असली की चकत्या उघड्या असतात, खाली पाडली की मिटतात. म्हणून दोरा ओवताना दांडी वर हवी आणि भरताना खाली. रिंग लावून भरताना आपण फूट काढून ठेवतो आणि दांडी पाडायचं राहून जातं. मग कितीही स्क्रू फिरवा, फासे पडणारच.

म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी चार गोष्टी करा. सुई बदला, बोथट सुईने दोरा फुटतो. दोरा काढून पुन्हा ओवा. बॉबिन केसच्या पट्टीखालचा कचरा जाड कागदाच्या कोपऱ्याने काढा. एवढासा धागा अडकला तरी ओढ बदलते. बॉबिन हाताने सैल भरलेली असेल तर मशीनवर एकसारखी भरून घ्या.

मग खालचं टेन्शन तपासा. बॉबिन केस दोऱ्याला धरून हवेत लोंबकळत ठेवा. आपोआप सरसर खाली आली तर सैल. हलका झटका दिल्यावर इंच-दोन इंच उतरून थांबली तर ठीक. अजिबात हलली नाही तर घट्ट. स्क्रू उजवीकडे फिरवला की आवळतो, डावीकडे सैल होतो. फिरवायचा तो घड्याळात पाच मिनिटं सरकतात तेवढाच. आधी स्क्रूच्या खाचेची दिशा कागदावर काढून ठेवा, म्हणजे परत जागेवर आणता येईल.

शेवटी वरचं टेन्शन. ज्या कापडावर काम करायचं त्याच्याच तुकड्यावर, तेच अस्तर लावून, एक रुंद पट्टी भरा आणि उलटी करा. मधल्या तिसऱ्या हिश्शात पांढरा दोरा आणि दोन्ही कडांना रंगीत दोरा दिसला तर टाका बरोबर. पांढरा दिसतच नसेल तर वरचा दोरा सैल आहे. पाठ जवळजवळ सगळी पांढरी असेल, किंवा वरच्या बाजूला पांढरे ठिपके येत असतील, तर वरचा घट्ट आहे. बटण थोडंच फिरवा, पुन्हा पट्टी भरा. जरीच्या दोऱ्याला वरचं टेन्शन कमी, सुईचं नेढं मोठं आणि वेगही कमी लागतो.

इथेच आपल्या हक्काचा प्रश्न येतो. मशीन स्वच्छ, सुई नवी, बॉबिन बरोबर, आणि एका रिळाने टाका छान पडतो पण ठेकेदाराने दिलेल्या दुसऱ्या रिळाने दोरा तुटतो. मग दोष कुणाचा? एका ताईंनी दोन्ही रिळांच्या पट्ट्या एकाच खिशाच्या कापडावर भरून ठेकेदारापुढे ठेवल्या. त्या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्याने बोटाने ओढला तरी तुटणारा तो दोरा बदलून दिला आणि त्या खेपेची कपात मागे घेतली. सगळेच ठेकेदार असं ऐकतील असं नाही. पण पुरावा हातात असल्याशिवाय बोलायची सुरुवातही होत नाही.

शिवणवर्गात मुलींना कटिंग शिकवतात, मशीन उघडायला शिकवत नाहीत. तेल घालणं बाईचं, स्क्रू फिरवणं मिस्त्रीचं, ही वाटणी कुणी केली? मिस्त्री येईपर्यंतचा दिवस बुडतो, त्याचे पैसे वेगळे. आता मोबाईलवर दुरुस्तीचे व्हिडिओ मिळतात. पण फोन घरातल्या पुरुषाच्या खिशात असेल तर ते बघायचे कधी?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली घरी बसून काम करणाऱ्यांसाठी करार क्रमांक १७७ केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. त्याच्या जोडीच्या शिफारस क्रमांक १८४ मध्ये म्हटलं आहे, की कपातीचे निकष आधी ठरलेले असावेत, सदोष मालाच्या नावाखाली अन्यायाची कपात होऊ नये आणि मशीनच्या देखभालीचा खर्च व वेळ यांचा मोबदला मिळावा. म्हणजे आपण नमुन्याची पट्टी भरतो, तो वेळही कामाचाच आहे.

तर प्रत्येक गटाने तीन गोष्टी कराव्यात असं मी सुचवते. एक, काम घेतानाच ठेकेदारासमोर नमुना भरून त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या. दोन, वहीत तारीख, रिळाचा रंग, सुई, टेन्शन आणि परत आलेले नग लिहायचे. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी दुसरीने लिहायचं. तीन, कपात झाली तर एकटीने जायचं नाही, वही आणि नमुना घेऊन पाच जणींनी मिळून जायचं.

बोलणं पुष्कळ झालं. समोर चार मशिनी आहेत. ज्यांनी आजवर बॉबिन केसचा स्क्रू कधीच फिरवला नाही, त्यांनी आधी पुढे या.