उन्हाळ्याचा अंदाज आणि श्रमिकाची सावली

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



उन्हाळा तोंडावर आला की भारतीय हवामानशास्त्र विभाग एप्रिल ते जून या तीन महिन्यांचा अंदाज प्रसिद्ध करतो. सरासरीहून अधिक तापमान आणि उष्णतेच्या लाटेचे अधिक दिवस, ही भाकिते अलीकडे आपल्या अंगवळणी पडली आहेत. वृत्तपत्रे ती छापतात. आपण ‘ऊन तर दरवर्षीचेच’ असे म्हणून पान उलटतो. या उदासीनतेविषयी आज मला बोलावयाचे आहे.

प्रथम निसर्गाचा व्यवहार समजून घेऊ. मार्चपासून विदर्भ-मराठवाड्याची कोरडी जमीन तापू लागते आणि वायव्येकडून येणारे शुष्क वारे त्या तापात भर घालतात. चंद्रपूर, अकोला, नागपूर येथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. मैदानी प्रदेशात तापमान ४० अंशांवर असून सरासरीहून किमान ४.५ अंशांनी वाढले, अथवा थेट ४५ अंशांवर पोचले, तर त्यास उष्णतेची लाट म्हणतात; ४७ अंशांवर ती तीव्र ठरते. याच काळात समुद्रावरून बाष्प आत आले की तापलेली हवा वेगाने वर चढते, दुपारनंतर उंच गडगडाटी ढग उभे राहतात आणि वादळ, वीज, क्वचित गारा घेऊन वळीव कोसळतो. ज्या उन्हाने माणूस होरपळतो, तेच ऊन विजेच्या ढगालाही बळ देते.

परंतु हा ऋतू सर्वांना सारखाच भोगावा लागत नाही. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात तेंदूपाने तोडण्याचा हंगाम ऐन मे महिन्यात येतो. वीटभट्टीवरील मजुराला वरून सूर्य आणि समोरून भट्टी भाजते. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला रात्रीही गारवा लाभत नाही, आणि रात्र निवली नाही तर दिवसाचा ताण शरीरातून उतरत नाही. देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांत मोठा भरणा उघड्या रानात राबणाऱ्या शेतकरी-शेतमजुरांचा व गुराख्यांचा असतो.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या शासकीय समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. व्यासपीठावर छत होते, समोरच्या जनसागरावर नव्हते. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपासच होता. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर निवत नाही; केवळ पाऱ्याकडे पाहून धोका मोजता येत नाही, हा त्यातील धडा.

‘दुपारी १२ ते ३ या वेळात बाहेर पडू नका’ असा सल्ला सरकार देते. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. पण रोजंदारीवरच्या बाईने तो पाळला तर तिची अर्धी मजुरी बुडते, आणि ती कोण भरून देणार, याविषयी सल्ला देणारे मौन बाळगतात. मजुरीची हमी नसेल तर असा इशारा म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखेच आहे.

यावर इलाज नाही, असे कोणी म्हणू नये. २०१० च्या मे महिन्यातील लाटेत अहमदाबादेत मृत्यूंची संख्या नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक वाढली. तेव्हा त्या महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा अमलात आणला: आगाऊ इशारे, पाणपोया, रुग्णालयांतील सेवकांचे प्रशिक्षण. १९७२ च्या दुष्काळातही ‘हे तर दैव’ असे म्हणणारे होतेच. परंतु काम हा हक्क आहे, ही मागणी लोकांनी लावून धरली आणि १९७७ मध्ये महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा झाला. दुष्काळाला जे लागू पडले, ते उन्हाला का लागू पडू नये?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. लाटेच्या दिवसांत कामाची वेळ पहाटे व सायंकाळी ठेवावी आणि मजुरीत कपात होऊ नये. प्रत्येक कामावर सावली, पिण्याचे पाणी व क्षारसंजीवनी असावी. उष्माघाताच्या मृत्यूची नोंद ‘हृदयविकार’ म्हणून होऊन वारसाचा हक्क बुडू नये.

आणि काही कामे आपलीच आहेत. लाल वा नारिंगी इशारा आला की तो त्याच दिवशी वस्तीवर, बाजारात, मजूर अड्ड्यावर वाचून दाखवावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे मोबाइल उपयोजन तयार केले आहे; ज्याच्यापाशी असा फोन नाही त्याच्यापर्यंत ती सूचना पोचविणे, हे कार्यकर्त्याचे काम. गडगडाट ऐकताच झाडाखाली थांबू नये, पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, एवढे प्रत्येक गुराख्याच्या पोराला पाठ असले पाहिजे.

ऋतू बदलणे आपल्या हाती नाही. पण सावली कोणाच्या वाट्याला यावी, हे माणसेच ठरवितात. आणि जे माणसे ठरवितात, ते संघटित माणसे बदलू शकतात. यंदाचा अंदाज हाती पडेल तेव्हा तो याच दृष्टीने वाचावा, एवढीच विनंती.