मक्यावरची बुरशी



मक्याचे भाजलेले कणीस तुम्हां सर्वांना आवडते. मक्याची भाकरी, मक्याच्या लाह्या, कोंबड्यांचे खाद्य, गाईम्हशींचा खुराक, सगळीकडे मका असतो. या मक्याचा एक शत्रू आहे. तो इतका बारीक आहे, की आरंभी डोळ्यांना दिसतही नाही. त्याचे नाव बुरशी.

बुरशी तुम्ही पाहिली आहे. पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर येते, चपलेवरही येते. सगळ्याच बुरशी वाईट नसतात. पेनिसिलिन हे औषध बुरशीपासूनच मिळाले. परंतु मका, भुईमूग यांच्यावर एक पिवळसर हिरवी बुरशी वाढते. ती दाण्यात विष तयार करते. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात.

हे विष कसे सापडले? 1960 साली इंग्लंडमध्ये टर्की नावाचे पाळीव पक्षी अचानक मरू लागले. एक लाखाहून अधिक पक्षी मेले. रोग कोणता, ते कोणालाच कळेना. शास्त्रज्ञांनी शोध केला, तेव्हा दोष पक्ष्यांच्या खाद्यात निघाला. त्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीला बुरशी लागली होती. ती पेंड ब्राझील देशातून बोटीने आली होती.

आपल्या देशातही असेच घडले. पण ते फार दुःखाचे होते. 1974 साली गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या जिल्ह्यांत मका काढणीला आला आणि अवेळी पाऊस झाला. कणसे भिजली. ती नीट न वाळताच घरात साठवली गेली. तिथले आदिवासी शेतकरी गरीब होते. मका हेच त्यांचे रोजचे अन्न. दाण्यांवर बुरशी दिसत होती, तरी तो मका टाकून खायचे काय? लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी साठू लागले. शंभराहून अधिक माणसे दगावली. घरात जे शिजे, तेच दारातल्या कुत्र्यांना मिळे. ती कुत्रीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथील मका तपासला. त्यात अफ्लाटॉक्सिन सापडले.

तुम्ही म्हणाल, "मका धुऊन, उकळून खाल्ला तर?" नाही. धुतल्याने वरची बुरशी जाते, आतले विष राहते. भाकरी भाजली, कण्या शिजवल्या, तरी ते पुरते नष्ट होत नाही. "मग गुरांना घालू," असे काही मोठी माणसे म्हणतात. तेही बरे नव्हे. गाईने बुरशीची पेंड खाल्ली, तर विषाचा काही अंश दुधात उतरतो. ते दूध शेवटी कोण पिते?

बुरशीला हवा ओलावा आणि ऊब. म्हणून मका वाळवणे हाच खरा उपाय. कणसे ओल्या मातीवर पसरू नयेत, ताडपत्रीवर पसरावीत. शंभर किलो मक्यात तेरा-चौदा किलोंहून अधिक पाणी राहू नये. फुटके व किडके दाणे वेचून काढावेत, कारण बुरशी फुटक्या दाण्यात सहज शिरते. पोती भिंतीला टेकवून ठेवू नयेत. खाली लाकडी फळ्या घालाव्यात. बुरशीचा दाणा हुंगून मात्र कधी पाहू नका.

आता थोडे दूर जाऊ. दुबईजवळ जबल अली नावाचे मोठे बंदर आहे. ते 1979 साली सुरू झाले. हा वाळवंटी प्रदेश. पाऊस अगदी थोडा, म्हणून बरेचसे धान्य आणि गुरांचे खाद्य जहाजांनी बाहेरून येते. वाळवंटात बुरशी कशी येणार, असे तुम्हांला वाटेल! पण समुद्रकाठची हवा दमट असते. शिवाय धान्य लोखंडी पेटाऱ्यात बंद असते. दिवसा पेटारा तापतो आणि दाण्यांतला ओलावा हवेत येतो. रात्री छत गार पडते. मग भाताच्या पातेल्यावरील झाकणाला जसे थेंब जमतात, तसे छताला थेंब जमतात आणि धान्यावर टपकतात. म्हणजे धान्य घरीच चांगले वाळवून पाठवले नाही, तर पेटाऱ्यातच पाऊस पडतो!

तपासणीही सोपी नसते. पोत्यात एखाद्याच मुठीत विष असू शकते. म्हणून टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसून वरचे, मधले, तळाचे असे ठिकठिकाणचे दाणे काढतात, एकत्र दळतात आणि मग प्रयोगशाळेत तपासतात.

तुमच्या घरी अशी प्रयोगशाळा नाही. पण एक युक्ती करता येईल. काचेची कोरडी बाटली घ्या. तिच्यात तीन-चार चमचे अगदी कोरडे बारीक मीठ घाला. बाटली निम्म्याहून कमी भरेल इतका मका टाका. झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पाव तास ठेवून द्या. मीठ काचेला चिकटले, तर मका अजून ओला आहे. त्याला आणखी ऊन दाखवायला आजोबांना सांगा. मीठ सुटे राहिले, तर पोती शिवायला हरकत नाही. बाटलीतला तो खारट मका मात्र परत पोत्यात टाकू नका.