चिमुकल्या विमानाचा पंखा

नवी दिल्लीतील सफदरजंग विमानतळावर आता प्रवासी विमानांची वर्दळ नाही. परंतु १९२७ साली स्थापन झालेल्या ‘एअरो क्लब ऑफ इंडिया’चे मुख्यालय तेथेच आहे. आकाशातील खेळांचे नियम ठरविणारा जागतिक महासंघ १९०५ साली जन्मला. त्यात भारताचे प्रतिनिधित्व हीच संस्था करते. मोठमोठ्या फुग्यांचे आणि ग्लायडरांचे विक्रम नोंदविणारा हा महासंघ हातांत मावणाऱ्या विमानांच्या पंख्याकडेही तितक्याच बारकाईने पाहतो. वरवर पाहता हे कौतुक अनाठायी वाटेल. परंतु खेळ पाहिला, म्हणजे त्यामागचे कारण उमगते.

तारांवर उडणाऱ्या विमानांच्या सांघिक शर्यतीत तीन चालक मैदानाच्या मध्यभागी खांद्याला खांदा लावून उभे असतात. १५.९२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर त्यांची तीन विमाने एकाच वेळी घिरट्या घालतात. दहा फेऱ्या झाल्या की एक किलोमीटर पुरा होतो. प्राथमिक शर्यत १०० फेऱ्यांची, अंतिम २०० फेऱ्यांची. इंजिन अवघे अडीच घनसेंटिमीटरचे, पण वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात! टाकी मात्र लहान. म्हणून विमान मध्येच उतरवावे लागते. वर्तुळाच्या कडेला बसलेला जोडीदार ते झेलतो, इंधन भरतो आणि बोटाच्या झटक्याने पंखा फिरवून इंजिन पुन्हा चालू करतो. सारा खेळ काही क्षणांचा, आणि पात्याजवळ असते ते माणसाचे बोट.

येथेच नियम आडवा येतो. धातूच्या पात्यांचा पंखा सर्वथा वर्ज्य. तुटलेले पाते सांधून पुन्हा वापरण्यासही मज्जाव. ही कठोरता अकारण नाही. सहा इंच, म्हणजे सुमारे १५.२ सेंटिमीटर व्यासाचा पंखा मिनिटाला तीस हजार फेरे घेऊ लागला, तर त्याच्या पात्याचे टोक ताशी साडेआठशे किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते. अशा वेळी सांधा निखळला, तर तो तुकडा कोणाच्या डोळ्यात शिरेल हे कोणी सांगावे? ड्रोनच्या शर्यतींत पंख्याचा व्यास सहा इंचांपुरता मर्यादित केला आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

मात्र हे नियम कल्पकतेचे पंख छाटीत नाहीत. केवळ वेगाच्या स्पर्धेत एकाच पात्याचा पंखा आणि दुसऱ्या बाजूस तोल सांभाळणारे वजन, अशी विलक्षण रचना खेळाडूंनी रूढ केली. पात्याला पीळ किती द्यावा, हेही त्यांनीच ठरवावयाचे. पीळ वाढविला तर प्रत्येक फेऱ्यात अंतर अधिक कापले जाते, पण उड्डाणाच्या वेळी इंजिनाची दमछाक होते. अशा निवडीतच खेळाडूचा कस लागतो.

राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेतील मुलामुलींना विमानांच्या प्रतिकृती तयार करण्याचे शिक्षण मिळते. त्यांच्यापैकी एखाद्याच्या पंख्याला स्पर्धेच्या आदल्या दिवशी बारीकशी चीर पडली, तर ती परीक्षकाच्या नजरेस पडेलच असे नाही. डिंकाचा एक थेंब तिला सहज झाकील. परंतु आवडता पंखा मुकाट्याने बाजूला ठेवून नवा बसविणारा छात्र शर्यत हरला, तरी शेजाऱ्याचा डोळा आणि जोडीदाराचे बोट त्याने राखलेले असते. नियमपुस्तकाचा खरा विजय तो हाच.