फुटलेल्या काचा आणि आरोपीचा वकील

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सांस्कृतिक सचिवांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं असणार की हा डब्यांबद्दल बोलेल. मी डिप्लोमा केलेला माणूस, कॅरेज अँड वॅगनमध्ये वीस वर्षं काढलेली. डब्यांबद्दल बोलणारच आहे, पण मोडलेल्या डब्यांबद्दल आणि ते मोडल्याचा ज्यांच्यावर आरोप आहे त्यांच्याबद्दल. मी वकील नाही. जे सांगतो ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून शिकलो. इथं जबलपूरला बदली होण्याआधी मी दुसऱ्या एका विभागात होतो, तिथली ही गोष्ट.

साल २०१२. एक गाडी पाच तास उशिरा आली, आणि आली तीही आधीच भरलेली. फलाटावरच्या गर्दीचा तोल सुटला. दगड आले, काचा गेल्या. रेल्वे पोलिसांनी ११ जणांना पकडलं. रेक दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या पिट लाईनवर लागला. मी आणि माझा फिटर टॉर्च घेऊन डब्याडब्यातून फिरलो. सीटवर, बर्थवर काचांचा चुरा. एका डब्यात लहान मुलाची चप्पल पडली होती. खरं सांगतो, त्या क्षणी ते अकरा जण समोर असते तर मीच त्यांना दोन लगावल्या असत्या. जो माणूस डबा रात्रभर दुरुस्त करून सकाळी गाडीला लावतो, त्याला हा राग येतोच. तुमच्यापैकी निम्मे जण डेपोतले आहेत, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आम्ही मोजल्या ४३ काचा. त्या रागातच मी नुकसानीची यादी केली आणि खाली सही ठोकली. त्यातल्या १४ काचा त्या दिवशी फुटलेल्याच नव्हत्या. दोन दिवसांपूर्वीच्या आमच्याच तपासणी रजिस्टरमध्ये त्या तुटलेल्या म्हणून लिहिलेल्या होत्या. काहींच्या जागी प्लायवूड ठोकलेलं होतं. पण स्टोअरमधून काचा मिळत नव्हत्या, महिनोन् महिने मागणी पडून होती. वरिष्ठ म्हणाले, "सगळं एकदमच दाखवा, म्हणजे काचा तरी मिळतील." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रवाशांनाच नव्या काचा मिळणार होत्या ना! सरकारी खात्यात काम केलेल्या माणसाला हा हिशेब कळतो.

माझी यादी पोलिसांकडे गेली. तिथं त्यांनी प्रत्येक आरोपीच्या नावापुढे काय फोडलं ते लिहिलं. एका वीस वर्षांच्या मुलाच्या नावापुढे आलं, एस-५ डबा, २३ नंबरच्या बर्थची खिडकी.

चार वर्षांनी साक्षीचं समन्स आलं. आरोपींपैकी बहुतेकांकडे वकिलाची फी द्यायला पैसे नव्हते. विधी सेवा प्राधिकरणाने त्या मुलासाठी एक तरुण वकीलबाई दिल्या होत्या. मला वाटलं होतं, फुकटचा वकील काय विचारणार? बाईंनी आधी मुलाच्या अंगझडतीचा पंचनामा काढला. पोलिसांनी स्वतःच लिहिलं होतं की खिशात त्याच गाडीचं तिकीट सापडलं. म्हणजे फलाटावर असण्याचं कारण त्याच्याकडे होतं. मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही या मुलाला दगड मारताना पाहिलंत?"

"नाही. मी डबा दुसऱ्या दिवशी पाहिला."

"गाडी सुटण्याआधी तिची तपासणी होते?"

"होते."

"त्याचं रजिस्टर असतं?"

"असतं."

"ते कोर्टात आणाल?"

तारीख पडली. डेपोत परतलो तर सगळ्यांना कळलेलं. एक जण म्हणाला, "इतकं जुनं रजिस्टर, उंदरांनी खाल्लं असेल." दुसरा म्हणाला, "तू रेल्वेचा की त्यांचा?" रजिस्टर कपाटातच होतं. दोन रात्री झोप लागली नाही. खोटी यादी केली म्हणून माझ्यावरच चौकशी बसली तर? बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "त्या मुलाची आईही जागीच असेल." पुढच्या तारखेला मी रजिस्टर घेऊन गेलो. एस-५, २३ नंबर, काच नाही, प्लाय बसवले. नोंद घटनेच्या दोन दिवस आधीची, अक्षर माझंच.

त्या मुलासकट नऊ जण सुटले. दोघांना शिक्षा झाली. त्यांना गार्डने दगड मारताना डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तो उलटतपासणीत ढळला नाही. (तेव्हा गार्ड म्हणत, २०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात.) दोघांना शिक्षा झाली याचा मला आनंदच आहे. मला पुढे जाब विचारला गेला, लेखी ताकीद मिळाली, तेवढ्यावर भागलं.

आता कायद्याचं थोडं. या आरोपाची शिक्षा लहान नाही. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १५१ खाली डबे, रूळ, सिग्नल यांच्या नुकसानीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. धावत्या गाडीवर प्रवाशांना इजा करण्याच्या हेतूने दगड मारला, तर कलम १५२ खाली जन्मठेपेपर्यंत जाऊ शकतं. सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंधक कायदा १९८४ चा. त्यात सार्वजनिक वाहतुकीच्या साधनांची मोडतोड केली तर साधारणपणे किमान सहा महिने, आग लावली तर किमान एक वर्ष आणि कमाल दहा वर्षं. जामीन देण्यापूर्वी सरकारी पक्षाला विरोधाची संधी द्यावीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली नुकसानभरपाई वसुलीचीही तत्त्वं घालून दिली. कायदा कडक आहे आणि तो असावा. पण म्हणूनच कुणी, कुठल्या डब्याचं, काय फोडलं हे नेमकं सिद्ध व्हायला हवं. गर्दीत दोनशे माणसं असतात, हाती लागतात ती पळू न शकलेली.

"अशा लोकांचं वकीलपत्र घेतातच कशाला?" हा प्रश्न आपल्या चहाच्या टेबलावर नेहमी येतो. काही ठिकाणी तर बार असोसिएशननेच अमक्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही असे ठराव केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली, तामिळनाडूतल्या एका प्रकरणात, असे ठराव बेकायदा ठरवले. आपण ज्या उत्सवाला जमलो आहोत त्याच्या सार्वजनिक रूपाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, ते लोकमान्य स्वतः आरोपी होते. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांच्या जामिनासाठी दावर हे बॅरिस्टर उभे राहिले आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. १९०८ मध्ये तेच दावर न्यायाधीशाच्या खुर्चीत होते आणि त्यांनी जामीन नाकारला. टिळकांची आणि काचफोडीची तुलना करत नाही, गैरसमज नको. वकील उभा राहण्याने काय फरक पडतो, एवढ्यापुरतंच.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. खटला चालू असतानाच तो रेल्वेच्या ग्रुप डी परीक्षेत पास झाला होता. पडताळणीच्या फॉर्मवर त्याने खटल्याची माहिती खरी लिहिली. नेमणूक अडकली. निकाल लागेपर्यंत पॅनेलची मुदत संपली आणि वयही गेलं. आता स्टेशनबाहेर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिकडे गेलो की मी पलीकडच्या फुटपाथने जातो. रजिस्टर मी नेलं हे खरं, पण त्या यादीवर सहीही माझीच होती, आणि चार वर्षं मी गप्प होतो.

म्हणून आपल्या मुलांबद्दल. जानेवारी २०२२ मध्ये भरतीच्या आंदोलनात गयेला डबा जळला, जूनमध्ये अग्निपथच्या वेळी सिकंदराबादला आणि इतरत्र गाड्या जळल्या. २५ जानेवारी २०२२ ला रेल्वेने जाहीरच केलं की रेल्वे मालमत्तेची नासधूस करणाऱ्या उमेदवारांना रेल्वेच्या नोकरीसाठी कायमचं अपात्र ठरवलं जाऊ शकतं. मुलांना हे घरी सांगा. पण उद्या कुणाचा मुलगा चुकून किंवा चुकीने पकडला गेलाच, तर ओळखीचा हवालदार शोधत फिरू नका, आधी वकील गाठा. २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे नेलंच पाहिजे आणि आवडीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे, हे राज्यघटनेच्या २२ व्या कलमात आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी संहिता जाऊन नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी चौकशीच्या वेळी वकिलाला भेटण्याचा हक्क तसाच आहे. चौकशीभर तो शेजारी बसेलच असं नाही, पण भेटता येतं. पैसे नसतील तर १५१०० या नंबरवर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. मूल अठराच्या आतलं असेल तर त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. जन्माचा दाखला तेवढा लगेच घेऊन जा. तिकीट, पास, क्लासची पावती, जे असेल ते जपून ठेवा. आणि नोकरीच्या फॉर्मवर खटला लपवू नका. त्या मुलाची नोकरी गेली तरी हे मी सांगतो, कारण लपवल्याचं पुढे निघालं तर लागलेली नोकरीही जाऊ शकते. आपण तर हायकोर्टाच्या गावात राहतो, विचारायला माणसं कमी नाहीत.

आणि डेपोतल्या मित्रांनो, नुकसानीच्या यादीत मी आता दोन रकाने आखतो, आधीचं आणि आजचं. काचा उशिरा मिळतात. मिळतात पण.

अध्यक्ष महोदय घड्याळ दाखवत आहेत, आरतीची वेळ झाली आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर प्रसादाच्या वेळी मी इथेच आहे.