नळावरून सभागृहाकडे



साहित्याच्या व्यासपीठावरून महापालिकेविषयी बोलायचे ठरवून मी आज उभी आहे. 1975 मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्ष म्हणून आणीबाणीविरुद्ध आवाज उठवला, त्या परंपरेचा मला आधार वाटतो.

त्याच आणीबाणीत मृणालताई गोरे आधी भूमिगत आणि मग तुरुंगात होत्या. पण त्यांचे राजकारण सुरू झाले गोरेगावच्या पाण्यापासून. रिकामे हंडे घेऊन बायका त्यांच्यामागे निघाल्या. 1961 ला मुंबई महापालिका, 1972 ला विधानसभा, 1977 ला लोकसभा. ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनी दिले. महागाईविरुद्ध लाटणी हाती घेऊन निघालेल्या बायकांत त्यांच्याबरोबर अहिल्याताई रांगणेकर होत्या. दोघींचे पक्ष वेगळे, पण प्रश्न घरातलाच.

आता आपल्या गावाकडे, पिंपरी-चिंचवडकडे येते. 1970 ची नगरपालिका 1982 मध्ये महापालिका झाली. मंगला कदम, अपर्णा डोके, वैशाली घोडेकर, मोहिनी लांडे, शकुंतला धराडे, माई ढोरे अशा अनेक महिला इथे महापौर झाल्या. 2017 च्या निवडणुकीत 128 पैकी 64 जागा स्त्रियांसाठी राखीव होत्या. हे आरक्षण मला मनापासून मोलाचे वाटते. त्याच्याविना यांतल्या कितीजणींना पक्षांनी उमेदवारी दिली असती?

पण खुर्ची मिळाली म्हणजे निर्णय हाती आला, असे होत नाही. महापौर सर्वसाधारण सभा चालवतात. अंमलबजावणी आयुक्तांकडे आणि खर्चाची मंजुरी बव्हंशी स्थायी समितीकडे. माईंची निवड नोव्हेंबर 2019 मध्ये झाली आणि त्याच महिन्यात शहराला दिवसाआड पाणी सुरू झाले. घरोघरी पिंपे भरून ठेवणाऱ्या बायकांनी जाब विचारायचा तो साहजिकच आपल्या नगरसेविकेला, आपल्या महापौरांना. पवना धरणातून शहराला मिळणाऱ्या पाण्याचे वेळापत्रक मात्र पाटबंधारे खाते आणि प्रशासन यांच्यात ठरत होते. मार्च 2022 नंतर तर सभागृहच उरले नाही. प्रशासकाच्या काळात कित्येक वर्षे जाब विचारायला निवडून आलेली कोणी बाई नव्हती, पुरुषही नव्हता.

याच पवनेचे पाणी शहरात आणण्यासाठीच्या बंद जलवाहिनीविरुद्ध 9 ऑगस्ट 2011 रोजी मावळातले शेतकरी बऊरजवळ रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला, त्यांत एक स्त्री होती. आपल्या नळाची गोष्ट सांगताना तिला वगळून चालणार नाही. ना तिला पद होते, ना आरक्षण. तरी सार्वजनिक आयुष्यात तिने टाकलेले पाऊल या शहरातल्या कुठल्याही पदाइतके मोठे आहे.

मराठीत राजकीय कादंबऱ्या भरपूर आहेत. साखर कारखाना आहे, मुंबईचे मंत्रालय आहे, आमदाराची गाडी आहे. पण पहाटे पाच वाजता व्हॉल्व्हमनला फोन लावणारी, दुपारी सभेत माईकसाठी भांडणारी, आणि ‘तिचे सगळे नवराच बघतो’ हे ऐकूनही पुन्हा उभी राहणारी नगरसेविका मला आपल्या साहित्यात क्वचितच भेटते. तिला नवऱ्याची सावली ठरवणे सोपे आहे. ती सावली कधी गळून पडली, पहिले भाषण तिने स्वतः कधी लिहिले, कुठल्या ठरावाला पक्षाचा आदेश मोडून विरोध केला, हे विचारायला बसावे लागते.

सभांची इतिवृत्ते महापालिकेत आहेत. माजी नगरसेविका भोसरीत, दापोडीत, निगडीत, थेरगावात राहतात. काही आता थकल्या आहेत. या संमेलनाने तरुण लेखकांचा एक गट नेमावा, ध्वनिमुद्रक घेऊन त्यांच्या घरी पाठवावे आणि त्या बोलतील ते शब्दशः उतरवून घ्यावे. तसा ठराव मी आज मांडते आहे.