मोलकरणीच्या चेहऱ्यातली मरिया



श्रद्धा ही काही डोळ्यांना दिसणारी वस्तू नव्हे. मग ती फोटोत यावी कशी? गळ्यात क्रूस घातला, हातात बायबल दिलं, की झाला ख्रिस्ती बाईचा फोटो, असं पुष्कळांना वाटतं. पण क्रूस दुकानातही टांगलेला असतो. म्हणून दुकान काही भाविक होत नाही! या प्रश्नाशी एका बाईने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी चिकाटीने झुंज दिली. तिची हकीकत आज सांगतो.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन तिचं नाव. जन्म आपल्या कलकत्त्याचा, १८१५ सालचा. तिचे यजमान चार्ल्स हे मेकॉलेसाहेबांच्या कायदे आयोगाचे सभासद. पुढे हे कुटुंब इंग्लंडला गेलं आणि वाइट बेटावरच्या फ्रेशवॉटर गावी राहिलं. १८६३ साली लेक-जावयाने तिला कॅमेरा भेट दिला, तेव्हा तिचं वय होतं अठ्ठेचाळीस. आपल्याकडे या वयात बायका नातवंडांत रमतात. या बाईने नवी विद्या हाती घेतली. कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा तिने स्टुडिओ केला, कोळशाच्या खोलीची अंधारी खोली केली.

ते काम सोपं नव्हतं बरं का! काचेवर कलोडिअन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याआधी धुऊन काढायची. समोर बसलेल्या माणसाने कित्येक मिनिटं न हलता राहायचं. तुम्ही आरशासमोर पाच मिनिटं तसं बसून बघा, म्हणजे कळेल.

बाई धर्मनिष्ठ होती. बाळ येशूला घेतलेली मरिया आपल्या चित्रांत यावी, अशी तिला ओढ होती. मरिया म्हणून तिने बसवलं कोणाला? घरच्या मोलकरणीला! मेरी हिलियर तिचं नाव. ती मरिया म्हणून इतक्यांदा बसली, की गावात तिला ‘मेरी मॅडोना’ म्हणू लागले. पवित्र आत्म्याची फळं म्हणून प्रीती, आनंद, शांती असे नऊ गुण पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात मोजले आहेत. त्यांवर कॅमेरॉनबाईंनी १८६४ साली नऊ चित्रांची माला केली, तीतही हीच मरिया. १८६५ सालच्या ‘भक्ती’ नावाच्या चित्रात ती बाईंच्या सव्वादोन वर्षांच्या नातवावर ओणवलेली आहे. डोक्यावर साधं वस्त्र, नजर मुलाकडे. तेजोवलय नाही, सिंहासन नाही.

त्या काळच्या जाणकारांनी नावं ठेवली. चित्र पुसट आहे, काचेवर डाग आहेत, असं म्हणाले. दोष होते हे खरं. पण बाईला झालरीचा प्रत्येक टाका स्पष्ट दाखवायचा नव्हता. तिला चेहऱ्यावरचा भाव हवा होता.

आता एक अवघड प्रश्न. चित्रातली ही भक्ती कोणाची? मालकिणीची की मोलकरणीची? वस्त्र मालकिणीने दिलं, कल्पना तिची, हुकूमही तिचाच. नोकरीतली मुलगी नाही कशी म्हणेल? ही गोष्ट नजरेआड करू नये. पण दुसरी बाजूही बघा. सुताराच्या घरच्या गरीब आईची गोष्ट सांगायला कष्टाची सवय असलेल्या मुलीचा चेहरा राजकन्येच्या चेहऱ्यापेक्षा अधिक खरा ठरतो. आणि ती मिनिटंच्या मिनिटं चाललेली स्थिरता तर कोणी उसनी देऊ शकत नाही. ती मेरी हिलियरची स्वतःची कमाई.

याच घरची मेरी रायन ही दुसरी मोलकरीण, मूळची भीक मागणारी मुलगी. तीही बाईंच्या फोटोंतून झळकली. १८६७ साली तिच्याशी हेन्री कॉटन यांनी लग्न केलं. हेच कॉटनसाहेब १९०४ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. ज्यांच्याकडे कोणी मान वळवून बघत नव्हतं, त्यांच्याकडे बघायला या बाईने जगाला लावलं.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, आज मोबाइलमुळे कॅमेरा हातोहाती आहे. वसईच्या लुगडं नेसलेल्या ख्रिस्ती आजीचा फोटो घ्याल, किंवा वारीला निघालेल्या माळकरी बाईचा, तेव्हा आधी विचारा. नको म्हणाली तर राहू द्या. हो म्हणाली तर हात जोडा, वर बघा, असं सांगू नका. दाराशी, एका बाजूने उजेड येईल असं बसवा आणि थोडं थांबा. फोटोसाठी आणलेला चेहरा गळून पडतो, मागे राहतो तो तिचा स्वतःचा. श्रद्धा असेल तर तिथेच दिसेल. आणि नाही दिसली, तरी माणूस दिसेल. तेही काही थोडं नाही.