बिनतारी जोडणी तुटते तेव्हा

परीक्षेचा अर्ज भरण्याची अखेरची रात्र असावी, शुल्क भरून झालेले असावे, आणि पावती पडद्यावर उमटण्याच्या ऐन क्षणी वायफाय बंद पडावे, हा अनुभव आज अनेक कुटुंबांच्या वाट्यास येतो. आखातात नोकरीस असलेल्या मुलाशी बोलत बसलेल्या आईवडिलांपुढे त्याचा चेहरा अर्ध्या वाक्यावरच थिजतो. मग कोणी कंपनीस बोल लावतो, कोणी दिवसभर चित्रपट पाहणाऱ्या नातवास. आणि एखादा उत्साही गृहस्थ दुसऱ्याच दिवशी बाजारातून नवे यंत्र विकत आणतो. पैसे खर्च होतात, पण जोडणी तुटायची ती तुटतेच. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी ही गत होते. निदानाआधी औषध घेतल्याचा हा परिणाम होय.

इंटरनेट संगणकापर्यंत दोन टप्प्यांनी येते. पहिला टप्पा रस्त्यावरून घरातील पेटीपर्यंत आलेल्या तारेचा किंवा फायबरचा. दुसरा त्या पेटीपासून, म्हणजे राउटरपासून, संगणकापर्यंतचा बिनतारी. दोष कोणत्या टप्प्यात आहे हे ठरविणे हे पहिले काम, आणि ते अवघड नाही. संगणक केबलने थेट राउटरला जोडून तासभर काम करून पाहावे. तरीही जोडणी तुटत असेल, तर दोष राउटरमध्ये किंवा बाहेरून येणाऱ्या मार्गात आहे. फायबरच्या पेटीवर ‘एलओएस’ या अक्षरांजवळचा तांबडा दिवा लागला असेल, तर प्रकाशाचा संकेत पेटीपर्यंत पोहोचत नाही असे समजावे. तंतू तुटला असेल, फार वाकला असेल किंवा त्याचा जोड सुटला असेल. अशा वेळी कंपनीच्या माणसास बोलाविणेच इष्ट. उलट केबलने काम सुरळीत चालत असेल, तर दोष बिनतारी टप्प्यातच शोधावा.

येथे आणखी एक प्रश्न विचारावा. जोडणी घरातील सर्व यंत्रांची एकदम तुटते, की एकाच यंत्राची? एकाच यंत्राची तुटत असेल, तर त्यातील जुनी वायफाय नोंद पुसून पासवर्ड पुन्हा घालावा, आणि वीज वाचविण्यासाठी वायफाय मधूनमधून झोपविण्याची सोय चालू असल्यास ती बंद करून पाहावी.

सर्वच यंत्रे त्रास देत असतील, तर घराच्या भिंतींकडे वळावे. जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात विद्युत्‌चुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. भिंत लहरींना वाट देते हे खरे. पण ती जकात घेतल्यावाचून सोडत नाही. गोव्यातील चिऱ्यांच्या घरात, बेळगावकडील दगडी घरात किंवा ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यात ही जकात भारी पडते. वायफायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांतून जातात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्‌झची सुमारे ६. दुसरी अधिक वेगाने माहिती नेते, पण जाड भिंतीपुढे लवकर थकते. लोखंडी कपाट आणि आरसा लहरी परतवितात. पाण्याची टाकी त्या शोषून घेते. आणि राउटर मात्र बहुधा ठेवला जातो तार जेथून आत आली त्या कोपऱ्यात, दूरदर्शन संचामागे! तो घराच्या मध्याजवळ, उघड्यावर आणि छातीइतक्या उंचीवर ठेवल्याने कित्येक ठिकाणी एक पैसाही खर्च न होता काम भागते.

तिसरे कारण गर्दीचे. भारत सरकारने २००५ साली २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवान्यावाचून वापरण्यास मोकळा केला. मोकळ्या मैदानात सर्वांचीच वर्दळ होणार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथची यंत्रे आणि सुमारे २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालणारी मायक्रोवेव्ह भट्टी ही सारी तेथेच वावरतात. या पट्ट्यातील चॅनेले एकमेकांवर चढलेली असतात. १, ६ आणि ११ ही तीन तेवढी परस्परांपासून अलग राहतात. त्यांपैकी सर्वांत कमी गर्दीचे निवडावे, किंवा राउटरजवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरावा.

आता या सर्व तपासास उपयोगी पडणारे साधन म्हणजे एक साधी वही. जोडणी केव्हा तुटली, कोणत्या खोलीत, कोणत्या यंत्रावर, आणि त्या वेळी घरात काय चालू होते, एवढे चारच रकाने आठवडाभर भरावेत. रोज रात्री जेवण गरम करतानाच ती तुटत असेल, तर भट्टीवर संशय घ्यावा. दिवे मंद होताच तुटत असेल, तर राउटरचा विजेचा अडॅप्टर तपासावा. बदल एका वेळी एकच करावा. तीन एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही. राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याने तात्पुरता आराम पडतो, पण दोषाच्या खुणाही त्याबरोबर पुसल्या जातात. म्हणून दिवे पाहून, वेळ टिपून, मगच कळ दाबावी.

‘इंटरनेट चालत नाही’ एवढ्याच तक्रारीस ‘राउटर बंद करून चालू करा’ हे ठरलेले उत्तर मिळते. पण ‘केबल जोडली असतानाही काल रात्री ८ ते ९ या वेळात जोडणी तीनदा तुटली, आणि तिन्ही वेळा तांबडा दिवा लागला होता’ असे सांगणाऱ्या ग्राहकास तेवढ्यावर वाटेला लावता येत नाही. त्याच्या घरी माणूस पाठवावाच लागतो.